बिनड्युटीची पंगत

तुम्ही हे बहुतेक पालथं पडून वाचत असाल. हनुवटीखाली उशी, उशीखाली दुमडलेली चादर, आणि पाठीवरचा पंखा फिरतोय का ते कुणाला तरी विचारावं लागतंय. मीही तसाच होतो. मान दुखली की थांबा. कागद कुठं पळून जात नाही, आणि आपणही नाही.

दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाई मला म्हणाल्या, "भुजंग, नवीन पेशंट तुझ्याशी बोलले की जेवायला लागतात. तुला दर वेळी भिवंडीहून येणं जमत नाही. लिहून दे." मी म्हणालो, बाई, मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. त्या म्हणाल्या, "बरं झालं. मग सगळ्यांना समजेल."

डॉक्टरी मला कळत नाही, ती मी सांगणारही नाही. मला एवढंच ठाऊक आहे की बेंबीच्या खाली माझं मला काही समजत नाही. पाय आहेत की गेले, ते सकाळी हात लावून बघतो. भूक मात्र बेंबीच्या वर लागते. सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते.

अर्धी खाट

माझं गाव गंगाखेडच्या पलीकडं. भिवंडीत आलो तेव्हा मिसरूड फुटत होतं. मागावर लागलो. चार माग एका माणसाकडं, आणि त्या चारांमध्ये बारा तास उभं राहायचं, फिरायचं. धागा तुटला की सांध, धोट्यातली सुताची कांडी संपली की बदल. कापड निघेल तसे मीटरवर पैसे. माग बंद तर पैसे बंद, मग लाईट गेलेली असो नाहीतर तुम्हाला ताप आलेला असो.

आमच्या खोलीत खाट अर्धी अर्धी असायची. म्हणजे खाट एकच, पण माणसं दोन. माझी दिवसपाळी असली की इस्तियाकभाई झोपायचा, तो कामाला गेला की मी. इस्तियाकभाई आझमगडचा. आम्ही कितीतरी दिवस एका खाटेवर झोपलो, पण एकमेकांना भेटायचो ते उठवण्यापुरते. त्याच्या डोक्याच्या तेलाचा वास माझ्या उशीला असायचा. तो म्हणायचा, "भुजंगवा, तेरी बीवी से ज्यादा तो मैं तेरे बिस्तर में सोया हूँ."

जेवायला हिरामावशीची बिशी. बिशी म्हणजे आम्हा बाहेरगावच्यांची खानावळ. मावशी दिघाशीची, नवरा खाडीत बुडाला तेव्हापासून ती हेच करत होती. तिच्याकडं एक रीत होती. पाळी सुटली की ती दारात येऊन ओरडायची, "ड्युटीवाले बसा!" कामावरून आलेले पहिल्या पंगतीला. गरम चपाती, वरची घट्ट डाळ. ज्यांचा माग बंद होता, जे आजारी होते, जे काम शोधत होते, ते भिंतीशी थांबायचे आणि शेवटी बसायचे. बिनड्युटीची पंगत. यात कुणाचा अपमान नव्हता. ज्याला लगेच झोपायचंय त्याला आधी वाढायचं, एवढाच त्यातला न्याय. मीही भिंतीशी थांबलेल्यांकडं न बघता जेवलोय.

पडलो

कारखान्यात माळ्यावर कांड्यांच्या गोण्या असायच्या. शिडीवरून एक खाली घेत होतो. पायरी निसटली की माझा पाय, ते आजही सांगता येत नाही. खाली सुताचा भरलेला बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला जाड लोखंडी रूळ, आडवा पडला होता. त्याच्यावर पाठ आदळली. दुखलं नाही. हेच मला चमत्कारिक वाटलं. माग धडधडत होते आणि मी वर बघत म्हणत होतो, कुणीतरी माझे पाय उचलून सरळ करा. इस्तियाकभाई म्हणाला, "सीधे ही तो हैं."

चौघांनी मला उचललं. दोघांनी हात धरले, दोघांनी पाय. टांगाटोळी करून रिक्षात घातलं, रिक्षात मावेना म्हणून दुमडलं. केलं ते मायेनंच. त्यांच्यातला एक तर रडत होता. पण तुमच्यासमोर कधी कुणी असं पडलं तर फळी आणा, दार काढा, आणि त्या माणसाला लाकडासारखा सरळ ठेवा. माझं त्यामुळं किती बिघडलं ते कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण ज्यांनी उचललं तेच मला नंतर भेटायला येत होते.

डॉक्टरांनी काय विचारलं

भिवंडीहून ठाण्याला, ठाण्याहून मुंबईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात. तिथं रोज मोठे डॉक्टर राऊंडला यायचे, मागं शिकाऊ पोरापोरींचा घोळका. माझ्या पायाला टाचणी टोचून इंग्रजीत बोलायचे. मला वाटायचं, टोचतायत म्हणजे औषधच असेल.

एक दिवस मी धीर केला. "साहेब, ड्युटीवर कधी जाता येईल?"

डॉक्टर थांबले. माणूस चांगला होता. खुर्ची ओढून बसले, आणि डॉक्टर खुर्ची ओढून बसला की समजायचं. म्हणाले, "काय काम करतोस?"

"माग चालवतो."

"उभ्यानं?"

"उभ्यानंच की. फिरतं काम."

त्यांनी पेन खिशाला लावलं. मग विचारलं, "बसून करायचं काही काम येतं का तुला?"

बस, एवढंच. पाय जाणार, उभा राहणार नाहीस, असं कुणी म्हणालंच नाही. मी रात्रभर आठवत राहिलो, मला बसून काय येतं. जेवता येतं. विड्या ओढता येतात.

वॉर्ड

वॉर्डातली गत तुम्हाला ठाऊकच आहे. ठरल्या वेळी कूस बदलायची. वॉर्डबॉयला मामा म्हणायचं, आयाला मावशी, आणि दोघांशी गोड राहायचं, कारण आपलं अंग त्यांच्या हातात. लघवीची नळी, पिशवी, आणि ती पिशवी दिसू नये म्हणून पाहुणे आले की चादर ओढणं. मला पहिल्यांदा मावशीनं स्वच्छ केलं तेव्हा मी तोंडावर हात घेतला. ती म्हणाली, "लाजतोस काय रे? माझा मुलगा तुझ्याएवढाच आहे, तो तर आभारही मानत नाही." मी आभार मानले. आजही मानतो.

आमच्या रांगेत एक ट्रकचा क्लीनर होता, एक नारळाच्या झाडावरून पडलेला, आणि एक ऑफिसातला शिपाई, रेल्वेच्या पुलावरून घसरलेला. आमच्यात बोलणं एकाच गोष्टीचं, इथून सुटल्यावर खायचं काय? शिपायाचे साहेब एकदा भेटायला आले. म्हणाले, तुझी जागा कुठं जात नाही, बरा हो, टेबलाशी बसवू. ते गेले. नारळवाल्यानं तोंड भिंतीकडं केलं. त्या दिवशी मला कळलं, मणका सगळ्यांचा सारखाच मोडतो, पण खाली कुणाला जाजम असतं, कुणाला फरशी.

मला फरशी होती. शेठनं सुरुवातीला औषधाला पैसे पाठवले, खोटं बोलणार नाही. मग त्याचा मेहताजी आला, म्हणजे त्याचा हिशेबनीस. केळी आणली होती. म्हणाला, "शेठ को बहुत दुख है. लेकिन अपने यहाँ बैठनेवाला काम कहाँ?" माझं नाव कारखान्याच्या कुठल्या कागदावर नव्हतंच, त्यामुळं काढायचीही गरज पडली नाही.

हिरामावशी मात्र एसटीनं, मग लोकलनं, डबा घेऊन यायची. पहिल्यांदा आली ती माझ्या पायांकडं न बघता म्हणाली, "जेवतंस का न्हाय?"

"जेवतो."

"काय देतात?"

"खिचडी."

"शी. ती काय मानसाला देतात?" आणि तिनं सुकट आणि तांदळाची भाकरी काढली. आमच्या घरात मासळी चालत नाही. मी खाल्ली. जगायचं ठरवलं होतं म्हणून नव्हे. एक बाई आपल्या चुलीवरचं इतक्या लांब घेऊन आली, तिला नाही कसं म्हणायचं?

परत

चाकांच्या एका बुटक्या फळीसकट मला सुट्टी दिली. व्यायामाच्या बाईंनी हातानं सरकायला शिकवलं होतं. खोलीवरच्या पोरांनी वाजतगाजत आत घेतलं. इस्तियाकभाई म्हणाला, "नाम भी भुजंग, अब चाल भी भुजंग की!" सगळे हसले, मी पण. मग रात्रपाळी करून आलेला इस्तियाकभाई झोपायला वळला आणि उभाच राहिला. खाटेवर मी होतो. दिवसाही मी, रात्रीही मी. अर्ध्या खाटेचा माणूस पुरी खाट अडवून बसला होता. इस्तियाकभाई चादर उचलून कारखान्यातल्या कापडाच्या गठ्ठ्यांवर झोपायला गेला. पुढं कितीतरी दिवस तो तिथंच झोपला, आणि त्याचं खाटेचं भाडं तोच देत राहिला. मी विचारलं तर म्हणायचा, "वहाँ मच्छर कम हैं." कापडाच्या गठ्ठ्यांत डास कमी असतात हे मी कधी ऐकलेलं नाही.

मग गावाकडून कौसल्या आली. माझी बायको. लग्नाला चार पावसाळे झाले होते, पण सोबत किती राहिलो विचाराल तर बोटावर मोजावं. पुरुषांच्या खोलीत ती कशी राहणार? हिरामावशीनं आम्हा दोघांना बिशीच्या मागची पडवी दिली. कौसल्या पहाटे उठून चपात्या लाटायला लागली. त्यात दोघांचं जेवण सुटायचं, पडवीचं भाडं सुटायचं. माझ्यामुळं सुटत नव्हतं काहीच.

पाळी सुटायची. मावशी ओरडायची, "ड्युटीवाले बसा!" मी फळी भिंतीशी सरकवायचो. कुणी मला सांगितलं नव्हतं. उलट पोरं म्हणायची, "आ ना भुजंग, बैठ." पण कमावत नाही तो माणूस आधी जेवला तर घास उतरत नाही, हे मला तिथं समजलं. शेवटी बसायचो. कौसल्या वाढायची. आम्ही एकमेकांकडं बघायचो नाही.

गावाहून भावाचा सांगावा आला, इकडं या, ओसरीवर पडून राहा, दोन घास आम्ही टाकू. भाऊ वाईट नाही. पण "टाकू" हा शब्द मला ऐकू येत राहिला. आणि कौसल्याचा भाऊ म्हणत होता, पोरीला लेकरूबाळ नाही, तिला तरी मोकळं करा. म्हणजे माझं काम हे आता नुसतं काम राहिलं नव्हतं. काही कमावलं तर बायको राहणार. नाही कमावलं तर ओसरी.

फणी

काम सापडलं ते इस्तियाकभाईला. मागावर बीम चढवण्याआधी त्याचा एकेक धागा तारेच्या डोळ्यातून आणि मग फणीच्या, म्हणजे कंगव्यासारख्या लांब पट्टीच्या, फटीतून ओढून घ्यावा लागतो. हजारो धागे असतात. दोन माणसं समोरासमोर बसतात. मागचा धागा निवडून पुढं धरतो, पुढचा आकडीनं ओढतो. पैसे बीमवर, दोघांत वाटून. सगळं काम बसून!

फणी भरणाऱ्यांचा मुखिया म्हणजे चाचा, पांढऱ्या दाढीचे, मालेगावचे. इस्तियाकभाईनं त्यांना पडवीत आणलं. त्यांनी माझ्या पायांकडं पाहिलंच नाही. माझा हात हातात घेऊन बोटं चाचपली. म्हणाले, "ईद के बाद आ जाना. बीम बहुत निकलेंगे."

मी चाचांकडून मागून आणलेल्या जुन्या फणीवर पडवीत सराव करू लागलो. कौसल्या धागा द्यायची, मी ओढायचो. कितीतरी महिन्यांनी आम्ही दोघं एकमेकांकडं तोंड करून बसलो होतो. मध्ये फणी. तिच्या फटींतून तिचे डोळे दिसायचे, पट्ट्यापट्ट्यांचे.

एकदा ती म्हणाली, "तुमी हसलाव."

मी म्हणालो, "धागा दे."

अकलोली

भिवंडीत मागाला सुट्टी शुक्रवारी. कामावर जायच्या आधीच्या शुक्रवारी पोरांनी ठरवलं, भुजंगला अकलोलीला न्यायचं. वज्रेश्वरीजवळच्या त्या गरम पाण्याच्या कुंडांत लकवा उतरतो, असं भिवंडीत पोरासोरांनाही माहीत. हिरामावशीनं तर नाव घेऊन सांगितलं, अमक्या गावचा म्हातारा झोळीतून गेला आणि चालत आला. कापडाचे तागे वाहणारा टेम्पो मिळाला. हिंदू, मुसलमान, सगळे. कुणी नारळ घेतला, कुणी अगरबत्ती.

व्यायामाच्या बाईंनी मला चुलीपासून, गरम चहाच्या पेल्यापासून जपायला सांगितलं होतं. कुंडाचं कुणी सांगितलं नव्हतं. आणि देवीचं पाणी भाजेल असं कुणाच्या मनात येणार?

तिथं एक कुंड जरा कोमट, एक कडक. माणसं कडक पाण्यात पाय बुडवून लगेच काढायची, हू हू करायची. मला पायरीवर बसवलं, पाय गुडघ्याच्या वरपर्यंत आत सोडले. दोघांनी दंडांना धरलं होतं.

"कैसा लगता है?"

"काही नाही," मी म्हणालो. मग कपाळावर घाम आला. "थांबा, काहीतरी होतंय!"

"होतंय! होतंय!" मावशी ओरडली. "ऱ्हाऊ दे त्याला, काढू नका."

त्यांनी मला राहू दिलं. बाजूची माणसं गोळा झाली. बऱ्याच वेळानं पाय वर काढले तर ते लालबुंद. इतके दिवस मेणासारखे पांढरे पडलेले पाय लाल! इस्तियाकभाईचा आवाज फुटला. "खून आया! खून फिर गया, देखो!" कौसल्यानं माझ्या पावलांवर डोकं ठेवलं. मावशीनं तिथल्या दुकानातून पेढे आणून अनोळखी माणसांना वाटले. येताना टेम्पोत गाणी चालली होती. मी पायांकडं बघत होतो, आणि देवाची शप्पथ सांगतो, मला वाटलं अंगठा हलला.

संध्याकाळी पडवीत कौसल्यानं पाय पुसायला घेतले आणि किंचाळली. फोड आले होते. टाचेची कातडी फडक्याला चिकटून आली. मला काही दुखत नव्हतं. दुसऱ्या कुणाचे पाय बघावे तसा मी बघत होतो.

ज्या हातांनी मला धरलं होतं ते सगळे दारात उभे. मावशी खांबाला टेकून खाली बसली. हातात उरलेल्या पेढ्यांचा पुडा तसाच.

तळ

पुन्हा दवाखाना. तीच रांग, दुसरी खाट. जखमा चिघळल्या, आणि सारखं उताणं पडून कमरेला नवी झाली. मला पालथं घातलं. ईद झाली. बीम निघाले असतील. माझी जागा चाचांनी दुसऱ्याला दिली, द्यावीच लागली. बीम कुणासाठी थांबत नाही.

ते दिवस मी नीट सांगू शकत नाही. पालथ्या माणसाला फक्त फरशी दिसते आणि लोकांच्या चपला. मी चपलांवरून माणसं ओळखायचो. आपण मेलो तर किती जण सुटतील, हाच हिशेब मनात. इस्तियाकभाईच्या दवाखान्याच्या खेपा वाचतील. मावशीला पडवी मिळेल. तुमच्या मनात तो हिशेब चालू असेल तर तो कुणाला तरी बोलून दाखवा. मामाला सांगा, झाडूवालीला सांगा. मी कौसल्याला सांगितला.

म्हणालो, "तुझ्या भावाला बोलावून घे. जा तू. माझ्यापासून तुला काही मिळणार नाही."

तिच्या चपला हलल्या नाहीत. वरून आवाज आला. "काय मिळंल ते बघून आले व्हते का म्या? लगीन झालं तवा तुमचं तोंड तरी बघितलं व्हतं का?"

"कमाई नाही कौसल्या."

"मंग बोंबलत काहून पडलाव? हात कुटं भाजलेत?"

ती रागानं निघून गेली. पुन्हा आली तेव्हा तिच्या पिशवीत ती जुनी फणी होती, आणि थोडं सूत. तिनं खाटेच्या डोक्याशी दोन गजांना फणी बांधली, समोर खाली बसली आणि फटीशी धागा धरला. मी पालथाच होतो. छातीखाली उशी. हात पुढं लोंबत होते. आकडी नव्हती म्हणून तिनं केसातला आकडा काढून दिला.

ओढला. आला.

सिस्टर आली, म्हणाली, "हे काय? हा वॉर्ड आहे." व्यायामाच्या बाई मागून म्हणाल्या, "राहू द्या सिस्टर. हाताचा व्यायाम आहे." कुठल्या पुस्तकात हा व्यायाम आहे ते मला माहीत नाही.

पालथं काम

सुट्टी मिळाली, पण कमरेची जखम भरेपर्यंत फार वेळ बसायचं नव्हतं. चाचांना सांगायला इस्तियाकभाई गेला. ते हसले म्हणे. "आदमी लेटके फणी भरेगा?" पण आले बघायला. बिशीच्या पडवीत आम्ही एक बाकडं घातलं होतं, त्यावर कारखान्यातल्या वाया गेलेल्या सुताची गादी. मी त्यावर पालथा, डोकं आणि हात बाकड्याच्या बाहेर, समोर फणी, पलीकडं कौसल्या. चाचांनी वाकून भरलेले धागे तपासले. मग म्हणाले, "बहू धागा दे रही है, तो जोड़ी पूरी है. एक बीम भेजता हूँ. बिगाड़ा तो अगला नहीं."

तो पहिला बीम भरायला आम्हाला कसलेल्या जोडीच्या किती पट वेळ लागला ते सांगत नाही. मान आखडायची. कौसल्याची बोटं सुतानं चिरायची. मध्येच तिला चपात्या लाटायला उठावं लागायचं, मग मी तसाच आकडी धरून थांबायचो. एक धागा चुकला तर मागं जाऊन पुन्हा. पण बीम मागावर चढला आणि कापडाला रेघ पडली नाही.

खरं ते सांगतो, म्हणजे तुम्ही खोट्या आशेवर राहणार नाही. मागावर मी एकटा जे मिळवायचो, ते आता आम्ही दोघं मिळून मिळवत नाही. जखम झाली की काम बंद. नळीमुळं ताप आला की बंद. आजही कुठलंही पाणी अंगावर घ्यायच्या आधी कोपर बुडवतो, आणि दर सकाळी आधी पाय चाचपतो, मग डोळे उघडतो. ही कमाई पुरणारी नाही. पण ती आहे आणि नाही, यातलं अंतर मी ओलांडून आलोय, आणि ते चालत ओलांडण्यासारखं नव्हतं.

पंगत

पहिल्या बीमचे पैसे आले त्या संध्याकाळी पाळी सुटली. मावशी दारात आली. "ड्युटीवाले बसा!"

मी सवयीनं फळी भिंतीकडं वळवली.

"ए भुजंगा! तिकडं कुठं चाललास? धागा ओढलास ना आज?"

"ओढला मावशी."

"मंग ड्युटी झाली ना? सरक इकडं. नाटकं नको."

इस्तियाकभाईनं फळी धरून ओढली, ती थेट रांगेत. माझ्यासमोर ताट आलं. चपाती इतकी गरम की बोट पोळलं, आणि बोट पोळल्याचं मला कळलं. पोरं आपापली जेवत होती. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी बघितलंही नाही. ड्युटीवाल्याकडं कोण बघतं?

कौसल्या टोपली घेऊन वाढत वाढत माझ्यापाशी आली. तिच्या दोन बोटांना चिंधी बांधलेली होती. मी ताटावर हात धरला.

"मावशी, हिचं ताट?"

पंगत थांबली. कुणीतरी म्हणालं, "भाभी बाद में खा लेंगी." कौसल्या हळूच म्हणाली, "गप बसा ना वो."

मी म्हणालो, "तिनं मागून धागा दिला नाही तर माझी आकडी रिकामी येते. तिची पण ड्युटी झालीय."

हिरामावशी कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं चिडली. मग तिनं कौसल्याच्या हातातून टोपली काढून घेतली.

"बस ग," ती म्हणाली. "इतकी वर्सं बिशी चालवतंय, मना कोनी कधी बस बोललं न्हाय. तू तरी बस."

इस्तियाकभाई सरकला. कौसल्या डोक्यावरचा पदर पुढं ओढून माझ्या शेजारी बसली आणि खाली मान घालून भराभरा जेवली. मला माहीत नव्हतं तिला इतकी भूक असते.

दुसऱ्या दिवशी बीम आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. आम्ही दोघं भिंतीशी थांबलो आणि शेवटच्या पंगतीला बसलो. डाळ पातळ झाली होती. तेवढ्यात हिरामावशीनं स्वतःचं ताट आणलं आणि आमच्या रांगेत बसली.